गीझरचे धुराडे

१८६८ साली इंग्लंडमध्ये बेंजामिन वॉडी मॉन यांनी न्हाणीघरात पाणी तापवण्याचे एक यंत्र काढले. खाली गॅसची ज्योत, वर नळाचे थंड पाणी. तोटी सोडली की गरम पाणी हजर. आइसलंडमधील उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून त्यांनी त्याला ‘गीझर’ हे नाव दिले आणि तो शब्द आज आपल्याकडे मराठी होऊन बसला आहे. जळलेला वायू घराबाहेर नेण्याची सोय मात्र मॉनसाहेबांच्या यंत्रात नव्हती.

नसण्याचे कारण समजण्यासारखे आहे. चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणसाने धुराडे बांधले. गॅसच्या निळ्या ज्योतीचा धूर दिसतच नाही! पण हिशोब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर दहा मिनिटांत सुमारे दोन घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो. लहानशा न्हाणीघरात मुळात हवाच असते चार-पाच घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर ज्योतीला ऑक्सिजन कमी पडू लागतो आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. त्याला ना रंग, ना वास.

हा वायू नेमके काय करतो हे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ते हुंगत राहिले आणि मधूनमधून स्वतःचे रक्त तपासत राहिले. रक्तातले निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन या वायूने व्यापले, तेव्हा त्यांना धड चालताही येईना. (असला प्रयोग आज कोणतीही प्रयोगशाळा करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे हा वायू हिमोग्लोबिनला चिकटतो. धोका कळण्याआधीच माणसाचे पाय गळतात. दाराची कडी हाताच्या अंतरावर असूनही माणसे दगावतात ती यामुळेच.

तेव्हा धुराडे हवेच. पण ते ओढते कशाने? बाहेर २७ अंश सेल्सिअस तापमान असताना धुराड्यातला वायू १७७ अंशांवर असेल, तर त्याची घनता बाहेरच्या हवेच्या दोन-तृतीयांश भरते. सहा मीटर उंच धुराड्यात यामुळे दाबात पडणारा फरक सुमारे २४ पास्कल, म्हणजे पाण्याच्या अवघ्या अडीच मिलिमीटर उंचीएवढा. एवढ्याशा बळावर घरातल्यांचे प्राण अवलंबून! वायू ५७ अंशांपर्यंत निवला, तर हा फरक सहा-सात पास्कलवर येतो. मग स्वयंपाकघरातला जोरदार पंखादेखील धुराड्यातला वायू उलट खोलीत खेचू शकतो.

पुढचा इतिहास नेमका इथे अडला. उत्तर अमेरिकेत कारखाने आणि सभागृहे उबदार ठेवण्यासाठी हवेच्या पत्र्याच्या बोगद्यातच गॅसची भट्टी बसवतात. तिला डक्ट फर्नेस म्हणतात. जळलेला वायू एका अंगाने आणि माणसांकडे जाणारी हवा दुसऱ्या अंगाने वाहते; दोन्हींच्या मध्ये फक्त एक पत्रा. घरोघरच्या भट्ट्यांची रचनाही याच तत्त्वावर असते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्याची निकड भासू लागली आणि अमेरिकेच्या १९८७ च्या कायद्याने घरगुती भट्ट्यांची कार्यक्षमता १९९२ पासून किमान ७८ टक्के ठरवली. कार्यक्षमता वाढवणे म्हणजे वायूतली अधिक उष्णता काढून घेणे, अर्थात तो थंड करून धुराड्यात सोडणे. त्याने ओढ घटली. शिवाय वायूतली वाफ धुराड्यातच निवून आम्लधर्मी पाणी झिरपू लागले.

त्यातून एक विचित्र प्रकार घडे. जुनी भट्टी आणि पाण्याचा बंब एकाच विटांच्या धुराड्याला जोडलेले असत. नवी भट्टी वेगळ्या नळीने बाहेर काढली की त्या ऐसपैस धुराड्यात बंब एकटा उरे. एवढे धुराडे तापवण्याची ताकद त्या बिचाऱ्याच्या ज्योतीत नसे आणि वायू घरातच सांडे. तिकडचे कारागीर अशा बंबाला ‘अनाथ’ म्हणतात, ते आम्हांला फार बोलके वाटते.

उपाय म्हणून वायू ढकलायला पंखे आले, पंखा न चालल्यास गॅस बंद करणारी दाबकळ आली, निवलेल्या वायूसाठी प्लॅस्टिकच्या नळ्याही आल्या. त्यांपैकी एका जातीच्या नळ्या तडकतात, सांध्यांवर सुटतात असे आढळल्याने १९९८ मध्ये अमेरिकेत सुमारे अडीच लाख भट्ट्या-बंबांच्या नळ्या बदलण्याची मोहीम जाहीर झाली.

आपल्याकडच्या गॅसगीझरची ज्योत सिलिंडरवर चालते, पण अनेक लहान गीझरांना आजही धुराडे नसते. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे हाच त्यावरचा इलाज. धुराडे असेल, तर वर्गात एक गृहपाठ देता येईल. घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन, दारे-खिडक्या उघड्या ठेवून गीझर सुरू करावा, पाचेक मिनिटांनी त्याच्या धुराड्याच्या बुडाशी पेटती उदबत्ती धरावी आणि तिचा धूर आत जातो की बाहेर येतो, ते वहीत लिहावे. बाहेर येत असेल, तर गीझर लगेच बंद करून कारागिराला बोलवावे.