प्रेत म्हणजे पुढे गेलेला

आपल्या गोंदियात मराठी आणि हिंदी पेपर एकाच टपरीवर वाचले जातात. मराठीत बातमी येते, 'विहिरीत प्रेत आढळले'. हिंदीवाला दचकतो. त्याच्याकडे प्रेत म्हणजे भूत. देहाला तो शव नाहीतर लाश म्हणतो.

शब्द मात्र एकच. संस्कृतात 'प्र' म्हणजे पुढे, 'इत' म्हणजे गेलेला. प्रेत म्हणजे पुढच्या वाटेला लागलेला माणूस. सपिंडी होईपर्यंत तो प्रेत, मग पितर. मराठी-तमिळमध्ये हा शब्द मागे राहिलेल्या देहाला चिकटला, हिंदी-बंगालीत भुताला. पालीत 'पेत' झाला, आणि थायलंडमध्ये आजही 'प्रेत' म्हणजे भुकेलं भूत.

आता आम्हा पत्रकारांचं बघा. पुढाऱ्याचं 'पार्थिव' असतं, त्याचं 'महाप्रयाण' होतं. रुळाजवळच्या बेवारस मजुराचं नुसतं 'प्रेत' सापडतं. मीही वर्षानुवर्षं असंच लिहिलं. खरं तर प्रयाण काय अन् प्रेत काय, दोन्हींत पुढे जाणंच आहे. लहानमोठेपणा शब्दात नव्हता, आमच्या लेखणीत होता.

यापुढे माझ्या बातमीत दोघांचाही 'मृतदेह'च असेल. तुम्हाला काय वाटतं, सांगा.