ब्रह्म्याच्या डोंगरावरचें गांव



जावा बेटाचें नांव काढलें कीं आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें दोन चित्रें उभीं राहतात. एक बोरोबुदुरच्या स्तूपाचें, दुसरें प्रंबाननच्या देवळांचें. दोन्हीं दगडाचीं, दोन्हीं राजाश्रयानें उभीं राहिलेलीं, आणि दोन्हीं ठिकाणची मूळची पूजा कित्येक शतकांपूर्वींच खंडित झालेली. आज मी आपणांस जेथें नेणार आहें, तेथें असें एकहि प्राचीन देऊळ नाहीं. तेथें आहे एक थंडीनें काकडणारें गांव, बटाट्याकोबीचीं शेतें आणि सतत धुमसणारा एक डोंगर. पण दगडांत जें टिकलें नाहीं, तें या गांवांत माणसांच्या तोंडीं टिकलें आहे. तें कसें टिकलें, आणि तें नेमकें कोणाचें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पूर्व जावाच्या उत्तर किनाऱ्यावर प्रोबोलिंगो नांवाचें बंदर आहे. तेथील हवा आपल्या कोंकणासारखीच दमट. तेथून दक्षिणेकडे निघालें कीं रस्ता चढूं लागतो. प्रथम भातशेतें मागें पडतात, मग मका दिसूं लागतो, आणि शेवटीं सुरूच्या जातीचीं उंच झाडें धुक्यांत उभीं असलेलीं दिसतात. सुमारें दोन हजार मीटर उंचीवर ङादीसारी हें गांव लागतें. येथील लोकांस तेंग्गेर म्हणतात. बायकापुरुष सर्वच खांद्यावरून लुंगीसारखें जाड वस्त्र गुंडाळून, त्याची गांठ मारून वावरत असतात. शेतें इतकीं उभ्या चढावर आहेत कीं कुदळ मारणारा माणूस खालून पाहतां भिंतीला चिकटल्यासारखा भासतो.

गांवाच्या वरच्या वाडीचें नांव चेमोरो लावांग, म्हणजे सुरूंचा दरवाजा. नांव अगदीं यथार्थ आहे. कारण त्या दरवाजाशीं पोंचलें कीं पायांखालची जमीनच संपते. समोर एक प्रचंड खड्डा. एके काळीं येथें असलेला महाज्वालामुखी आंतून रिता होऊन खचला आणि हें विशाल कुंड मागें राहिलें. त्याच्या तळाशीं सुमारें ५० चौरस किलोमीटर काळी वाळू पसरली आहे. तिला तेथील लोक वाळूचा समुद्र म्हणतात. त्या समुद्रांत एखाद्या बेटासारखा २,३२९ मीटर उंचीचा ब्रोमो बसला आहे, आणि त्याच्या तोंडांतून पांढरा धूर वर चढत असतो. दूर दक्षिणेस ३,६७६ मीटर उंचीचा सेमेरू, जावांतील सर्वांत उंच पर्वत. ब्रोमो म्हणजे आपला ब्रह्मा आणि सेमेरू म्हणजे सुमेरु, हें सांगावयास भाषाशास्त्रज्ञ नको. आपला सह्याद्रीहि अग्निरसाचाच घडलेला; पण तो सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं निवाला. येथें तें काम अजून चालू आहे.

तेंग्गेर लोक पाहुण्याला बाहेरच्या खोलींत ताटकळत ठेवीत नाहींत. सरळ स्वयंपाकघरांत चुलीशीं नेऊन बसवितात. मलाहि तसेंच नेलें. हात शेकतां शेकतां, दुभाष्याच्या मदतीनें, मीं एक प्रश्न विचारला. आज त्याची थोडी लाज वाटते. मीं विचारलें कीं, आपले पूर्वज भारतांतून आले असें आपण मानतां काय? यजमान वयस्क शेतकरी होते. ते हंसले आणि त्यांनीं उत्तरादाखल दाराबाहेरच्या डोंगराकडे बोट दाखविलें. आम्ही याचे, एवढाच त्याचा अर्थ होता.

या लोकांविषयीं एक कथा सर्वत्र सांगितली जाते. मजपहित हें जावाचें शेवटचें मोठें हिंदु-बौद्ध राज्य सोळाव्या शतकाच्या आरंभीं लयास गेलें. तेव्हां राजघराण्यांतील व धर्मनिष्ठ मंडळी पळालीं; कांहीं बलिद्वीपास गेलीं, कांहीं या डोंगरांत शिरलीं, आणि त्यांचेच वंशज हे तेंग्गेर. कथा ऐकावयास गोड आहे. पडलेल्या राज्याची शेवटची ठिणगी डोंगरांत जपली गेली, हें चित्र कोणास आवडणार नाहीं?

परंतु ताम्रपट व शिलालेख निराळी साक्ष देतात. दहाव्या शतकांतील लेखांतच या डोंगराजवळच्या वालांदित नांवाच्या गांवाचा व तेथील स्वयंभुव देवाचा उल्लेख आहे. पुढें मजपहितचें राज्य असतांना दिलेला एक लेख याच प्रदेशांत सांपडला. वालांदितचे लोक पवित्र ब्रह्मपर्वताचे सेवक आहेत, सबब त्यांजकडून कर घेऊं नये, असा त्याचा आशय आहे. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर तें इनाम गांव होतें. अर्थात् राजा पडला म्हणून हे लोक डोंगरावर आले नाहींत. राजा होता तेव्हांहि ते येथेंच होते, आणि राजालाच त्यांच्या डोंगराची मान्यता करावी लागत होती. राजधानींतून कोणी पळून आले असतील तर ते येथें आधींपासून नांदणाऱ्या लोकांत मिसळले. ठिणगी बाहेरून आली नाहीं. चूल येथलीच होती.

मग या चुलीवर आपल्याकडचें काय शिजलें? पुष्कळच. येथील पुरोहितास दुकुन म्हणतात. तो इतरांसारखाच शेतकरी असतो. पण त्याला जे मंत्र मुखोद्गत असतात ते शैव परंपरेचे आहेत. तीर्थासाठीं तो जें कांशाचें पात्र वापरतो त्यावर राशिचक्राच्या आकृति असतात, आणि अशीं कांहीं पात्रें चौदाव्या शतकाच्या आसपासचीं आहेत. मृतांच्या आत्म्यांस वर पोंचविण्यासाठीं पानाफुलांच्या बाहुल्या करून त्या जाळतात. त्या बाहुल्यांस पेत्रा म्हणतात, आणि तो शब्द ऐकतांच आपणांस पितर आठवल्यावांचून राहत नाहींत. पण मृताचें शरीर मात्र ते पुरतात. जातिभेद त्यांच्यांत नाहीं. इतर जावांत थोरामोठ्यांशीं बोलतांना शब्दच्या शब्द बदलावे लागतात. तेंग्गेर बोलींत तो भेद फारच थोडा. स्वतःविषयीं बोलतांना पुरुष 'रेआंग' म्हणतो व स्त्री 'इसुन', आणि त्यांत थोर-लहान असा प्रश्न येत नाहीं.

त्यांच्या पंचांगाची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटली. बारा महिन्यांपैकीं पहिल्या दहांचीं नांवें जावाच्या भाषेंतील साधे क्रमवाचक शब्द आहेत; पहिला, दुसरा, तिसरा असे. शेवटचे दोनच संस्कृत: देस्ता आणि कसाडा. आपले ज्येष्ठ आणि आषाढ! दहा घरचे आणि दोन पाहुणे. भारताकडून आलेलें या लोकांनीं किती घेतलें व कोठें बसविलें, याचा नमुनाच म्हणाना.

त्या शेवटच्या महिन्यांतच त्यांचा मोठा उत्सव येतो. रारा आंतेंग व जाका सेगेर या दांपत्यास मूल नव्हतें. त्यांनीं डोंगराच्या देवाची आराधना केली. देवानें पंचवीस मुलें दिलीं, पण शेवटचें मला परत द्यावें अशी अट घातली. मुलें झालीं, आईबापांचें मन होईना, आणि डोंगर खवळला. अखेरीस धाकटा कुसुम अग्नींत नाहींसा झाला. आंतून त्याचा आवाज आला कीं, भावंडांनो, सुखानें नांदा, आणि दर वर्षीं तुमच्या शेतांतलें कांहीं मला आणून द्या. म्हणून कसाडाच्या पौर्णिमेच्या सुमारास, भर रात्रीं, सर्व गांवें वाळूचा समुद्र ओलांडून ब्रोमोच्या तोंडाशीं चढतात व भाजी, धान्य, कोंबडीं आंत टाकतात. नवीन दुकुनांची मंत्रांची परीक्षाहि याच रात्रीं डोंगराच्या पायथ्याशीं होते. कड्याच्या आंतल्या बाजूस कांहीं गरीब लोक जाळीं घेऊन उभे असतात आणि टाकलेलें झेलतात. त्यांना कोणी हटकीत नाहीं. देवाला दिलेलें भुकेल्याच्या पदरांत पडलें तर देवाचें कांहीं उणें होत नसावें.

असें वाटेल कीं डोंगर अवघड, म्हणून हें सारें आपोआप टिकलें. तसें मुळींच नाहीं. इंग्रज गव्हर्नर रॅफल्स यानें १८१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या जावाच्या इतिहासांत तेंग्गेरांचीं सुमारें चाळीस गांवें असल्याचें लिहिलें आहे. पुढें डच अमदानींत मधल्या उतारांवर कॉफीची लागवड झाली, सखल भागांतून मुसलमान शेतकरी वर आले, आणि तेथील गांवांचा धर्म हळूहळू बदलला. जुनी रीत वर वर सरकत गेली. त्यानंतर १९६५-६६ चा रक्तपात आला, आणि शासनमान्य अशा एखाद्या धर्माचें नांव सांगणें प्रत्येक इंडोनेशियन नागरिकास भाग पडलें. हे लोक आपल्या धर्मास नुसतें 'बुदा' म्हणत; म्हणजे इस्लामपूर्वींचें, जुनें. त्या नांवाचा रकाना सरकारी कागदांत नव्हता. तेव्हां १९७० नंतरच्या वर्षांत गांवांचे पाटील व दुकुन यांनीं बराच विचार करून बलिद्वीपांतील हिंदु संघटनेचा आश्रय घेतला. बलिद्वीपाकडून नव्या प्रार्थना आल्या, शाळांत धर्मशिक्षण आलें, आणि त्यांचे आजे जे शब्द कधीं उच्चारीत नव्हते ते नातवंडें म्हणूं लागलीं. राखण्यासाठीं थोडें बदलावें लागतें. तो व्यवहार त्यांनीं उघड्या डोळ्यांनीं केला.

डोंगरहि त्यांची परीक्षा पाहण्याचें सोडीत नाहीं. २०१० च्या अखेरीस ब्रोमो जागा झाला व पुढच्या वर्षींहि राख ओकत राहिला. बटाट्याचीं व पातीच्या कांद्याचीं शेतें राखेखालीं गेलीं. तरी लोक डोंगर सोडून गेले नाहींत. राखेनेंच पुढें जमीन सुपीक होते, हें त्यांस शेतकीखात्यानें शिकवावें लागत नाहीं.

परततांना मी पहाटे पुन्हां त्या सुरूंच्या दरवाजाशीं उभा राहिलों. खालीं धुकें भरलें होतें, आणि त्यांतून फक्त ब्रोमोचा धूर वर येत होता. मी या गांवीं आपलेंच हरवलेलें कांहीं सांपडेल अशा आशेनें गेलों होतों. सांपडलें तें दुसऱ्याचें होतें. आपण दोन महिन्यांचीं नांवें दिलीं असतील. पण पांचशें वर्षें थंडीवाऱ्यांत तें वर्ष चालविलें कोणीं? दात्याचें नांव सांगणारीं पुस्तकें पुष्कळ झालीं. चुलीपाशीं बसून तें जपणाऱ्यांचा इतिहासहि कधींतरी लिहावयास हवा. तो ऐकावयाचा तर त्यांच्या स्वयंपाकघरांतच जाऊन बसलें पाहिजे, आणि प्रश्न थोडे कमी विचारले पाहिजेत.