हवाई दलाचे जमिनीवरचे गरुड

नाशिककरांना लढाऊ विमानांचं अप्रूप तसं कमीच. मिग-२१ बनवण्यासाठी १९६४ साली ओझरला कारखाना उभा राहिला आणि पुढे तिथेच सुखोईही तयार होऊ लागली. त्यामुळे हवाई दल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमान येतं. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी काश्मीरमधल्या हाजिन इथे चकमकीत हवाई दलाचे दोन जवान शहीद झाल्याची बातमी ऐकली, तेव्हा अनेकांप्रमाणे मलाही प्रश्न पडला, की हवाई दलाची माणसं तिथे रायफल घेऊन काय करत होती?

ते दोघे 'गरुड' होते. आकाशात दरारा असलेलं विमान धावपट्टीशेजारी उभं असताना अगदी असहाय असतं. कुंपण ओलांडून आत शिरलेले दोन-चार जण ते निकामी करू शकतात. २००१ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या हवाई तळांवर हल्ल्याचे प्रयत्न झाले, तेव्हा हवाई दलाला स्वतःच्या कमांडोंची निकड जाणवली. फेब्रुवारी २००४ मध्ये पहिली तुकडी तयार झाली. आधी 'टायगर फोर्स' असं ठरलेलं नाव बदलून 'गरुड' करण्यात आलं. विष्णूचं वाहन ते. नाव शोभलं खरं!

तळाची राखण हे त्यांचं एक काम. शत्रूच्या मुलखात विमान पडलं तर वैमानिकाला सोडवून आणायचं, लपतछपत पुढे जाऊन आपल्या विमानांना लक्ष्य दाखवायचं, ही कामंही त्यांचीच. त्यासाठी आग्र्याला हवाई छत्रीच्या उड्या, मिझोराममधल्या वैरेंगटेला जंगलातलं युद्ध, असं शिकत पूर्ण गरुड व्हायला सुमारे तीन वर्षं लागतात.

जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या तळावर दहशतवादी घुसले आणि गरुड गुरसेवक सिंग यांना वीरमरण आलं. काश्मीरमध्ये लष्कराबरोबर गरुडांना पाठवलं जात होतं, ते प्रत्यक्ष लढाईचा अनुभव मिळावा म्हणून. इतक्या मेहनतीने घडवलेली माणसं गावोगावच्या शोधमोहिमांत का धाडायची, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण तळावर हल्ला होईल, तीच त्यांची पहिली चकमक असावी का? मला तरी ते धोक्याचं वाटतं.

या अनुभवाची किंमत आपल्या भागानेही मोजली. हाजिनच्या त्या दोघांपैकी मिलिंद किशोर खैरनार हे मूळचे नंदुरबार जिल्ह्यातल्या बोराळ्याचे. त्यांचं पार्थिव आलं ते ओझरच्याच विमानतळावर, आणि तिथून रस्त्याने गावी गेलं. त्यांच्याबरोबर नीलेशकुमार नयन हेही धारातीर्थी पडले. दोघांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आलं.

महिन्याभरानंतर त्याच हाजिन परिसरात ज्योतिप्रकाश निराला हे गरुड शहीद झाले. त्या चकमकीत सहा दहशतवादी मारले गेले. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी निराला यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झालं. हवाई दलात त्याआधी ते दोघांनाच मिळालं होतं, सुहास बिस्वास आणि राकेश शर्मा यांना. ते दोघेही वैमानिक होते.