ज्वारी, ल्यूसिन आणि पेलाग्रा: एका विकाराची दख्खनी कुळकथा

पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद. नदी ओलांडली की राज्य बदलतं, मराठीत तेलुगू आणि गोंडी मिसळू लागते; पण जुन्या पिढीचं पोट दोन्ही काठांवर ज्वारीनेच भरलं. भाकरी, कण्या, आंबील. तेलुगू घरात तीच जोन्ना रोट्टे. 1940च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून त्यांचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या लेखनातही ज्वारीला मोठं स्थान आहे. याच धान्याने ‘ब’ गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या इतिहासात दख्खनचं पान जोडलं, आणि ते हैदराबादेत लिहिलं गेलं.

त्या इतिहासाची सुरुवात मात्र युरोपात झाली. 1735 मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात गास्पार कासाल या वैद्याने मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचा एक आजार टिपून ठेवला. ऊन लागेल तिथली कातडी लाल होई, मग काळपट पडून सोलवटे. गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उमटे. पाठोपाठ जुलाब लागत आणि शेवटी डोकं फिरे. पुढे इटलीत याला पेलाग्रा हे नाव मिळालं. बराच काळ लोक हा रोग सडक्या मक्याचा किंवा संसर्गाचा मानत. अमेरिकेच्या दक्षिणेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी 1914 पासून अनाथाश्रम, तुरुंग आणि गिरणगावं पालथी घालून दाखवलं की दूध, मांस, अंडी ताटात आली की रोग जातो. नेमकं काय कमी पडतं, हे कळायला 1937 उजाडलं. कॉनराड एल्व्हजेम यांनी कुत्र्यांचा ‘काळी जीभ’ हा तसाच विकार निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नियासिनने, बरा केला. हेच ब-3. खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढताना पेशींना जो एनएडी हा सहविकर लागतो, तो यापासून बनतो. त्वचा, आतडी आणि मेंदू यांना त्याची टंचाई आधी जाणवते.

मक्याचं कोडं सुटलं. त्यातलं नियासिन बांधलेलं असतं, पोटात सुटं होत नाही. शिवाय ज्यापासून शरीर स्वतः नियासिन घडवू शकतं ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लही मक्यात कमी. साधारण 60 मिलीग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून 1 मिलीग्रॅम नियासिन तयार होतं. पण तेलंगणाच्या पठारावर मका न खाणाऱ्यांनाही पेलाग्रा होत होता. हे मात्र त्या उत्तरात बसेना.

इथे हिशेब मांडून पाहावा. भारतीय अन्नघटकांच्या जुन्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 3 मिलीग्रॅम नियासिन आहे, पॉलिश केलेल्या तांदळात 2 च्या आसपास. दिवसाला अर्धा किलो ज्वारी खाणाऱ्या मजुराला 15 मिलीग्रॅम मिळावं, म्हणजे गरजेच्या जवळपास. तरी गळ्याला काळा पट्टा ज्वारी खाणाऱ्याच्या, भात खाणाऱ्याच्या नाही. ज्वारीत ट्रिप्टोफॅनही मक्याइतकं तुटपुंजं नसतं.

हे कोडं ज्या संस्थेने हातात घेतलं, तिचा जन्मच ‘ब’ जीवनसत्त्वाच्या शोधातून झाला होता. 1918 मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला ब-1च्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरीच्या तपासासाठी एका खोलीत काम सुरू केलं. ती प्रयोगशाळा वाढत गेली, 1958 मध्ये हैदराबादला आली आणि 1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिथल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपलं अनुमान मांडलं: ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसिन हे अमिनो आम्ल फार असतं आणि ते ट्रिप्टोफॅन व नियासिनच्या चयापचयात अडथळा आणतं. जे आहे तेच जास्त झाल्याने दुसऱ्याची तूट पडते, ही कल्पना मला या साऱ्या कथेतली सर्वांत धाडसाची वाटते. तोवर पोषणशास्त्राचा भर मुख्यतः काय कमी आहे ते शोधण्यावर होता. संस्थेत कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत जास्त ल्यूसिनच्या ज्वारीने काळी जीभ उद्भवली, कमी ल्यूसिनच्या वाणांनी नाही. ट्रिप्टोफॅनपासून नियासिन घडताना ब-6 लागतं, म्हणून कमला कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी तो धागाही तपासला. ‘ब’ गटातली भावंडं एकमेकांवाचून काम करत नाहीत, हे त्यातून ठळक झालं.

ज्वारीला यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं अन्यायाचं होईल. भाकरीसोबत तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, वाटीभर ताक असेल तर ताटातली तूट भरून निघते. पेलाग्रा व्हायचा तो कोरड्या भाकरीवर किंवा नुसत्या कण्यांवर दिवस काढणाऱ्या मजुराला.

1983 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने 2 रुपये किलोने तांदूळ दिला. गरिबाच्या चुलीवर भात आला, शेतात ज्वारीची जागा कापूस आणि सोयाबीनने घेतली, आणि पेलाग्राचे रुग्ण दुर्मीळ होत गेले. ल्यूसिनचा वाद मात्र निकाली निघाला नाही. परदेशातल्या काही प्रयोगशाळांना प्राण्यांमध्ये तसा परिणाम दिसला नाही, आणि ज्यांच्यावर तो पुन्हा तपासता आला असता असे रुग्ण इथे फारसे उरले नाहीत.