कागद घरे मोजीत नाही

दिवाळीपूर्वीची आवराआवर म्हणजे घरातल्या घरात इतिहास-संशोधनच! गेल्या वर्षी पनवेलच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली उतरली आणि तिच्यात आजोबांचे १९३१ सालचे खरेदीखत सापडले. वर पंचम जॉर्जची मुद्रा, खाली वळणदार अक्षरांत चतुःसीमा, आणि शेवटी साक्षीदारांच्या सह्या.

खत सापडले ते अगदी वेळेवर. नवीन पनवेलात फ्लॅट घेण्याच्या खटपटीत आम्ही होतो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हे घर तुझ्या नावावर आहेच. फ्लॅट घेतलास की तो दुसरं घर ठरेल. दुसऱ्या घराला मुद्रांक जास्त पडतो. त्यापेक्षा हे आधी माझ्या नावावर करून टाक."

त्याच्या मनात पाप नव्हते. त्याचा मुलगा लंडनला असतो. तिकडचा अनुभव हा इकडे सांगत होता. पण दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. शेवटी मी या कराचा इतिहासच धुंडाळायला बसलो.

मराठेशाहीत खरेदीला बळ येई ते माणसांच्या साक्षीने. वतनदार, शेजारी, भाईबंद यांच्यासमोर व्यवहार होई. कोणाची घरे किती, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. मुद्रांकाचा कागद ही मात्र युरोपची युक्ती. हॉलंडात ती १६२४ साली निघाली. इंग्लंडने १६९४ साली फ्रान्सशी चाललेल्या लढाईच्या खर्चासाठी उचलली. कंपनी सरकारने १७९७ साली ती बंगालात आणली आणि पुढे आपल्या मुंबई इलाख्यातही ती रुजली. १८९९ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी कायदा झाला, १९५८ साली मुंबई राज्याने आपला स्वतंत्र केला. महाराष्ट्रात आजही तोच चालतो.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट बदलली नाही. हा कर दस्तावर आहे, माणसावर नाही. नगरपालिका पनवेलला १८५२ साली आली. घरपट्टी दरसाल दारी येते. मुद्रांक एकदाच, दस्ताच्या वेळी. मालमत्ता कोणती, कुठली, किती मोलाची, एवढेच तो विचारतो. "तुमचे आणखी घर आहे का?" हा प्रश्न त्याच्या तोंडी नाही.

इतर देशांनी मात्र तो विचारायला सुरुवात केली. इंग्लंडात १ एप्रिल २०१६ पासून जादा घरावर तीन टक्के अधिक कर बसला. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तो पाच टक्के झाला. सिंगापुरात एप्रिल २०२३ पासून तिथल्या नागरिकालाही दुसऱ्या घरासाठी वीस टक्के जादा मोजावे लागतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या एकटीच्या नावे घर घेतले तर एक टक्का सवलत मिळू लागली. म्हणजे कागदाने मान वर करून माणसाकडे पाहिले. पण तेही घरे न मोजता!

भावाला हे सारे वाचून दाखवले. तो ओशाळून हसला. आतून ही म्हणाली, "अहो, मग माझ्याच नावावर घ्या की!" फ्लॅट हिच्या नावावर झाला आणि जुने घर होते तसेच राहिले.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. जन्मभर भाड्याने राहून, कर्ज काढून पहिले घर घेणारा आणि शनिवार-रविवारच्या विसाव्यासाठी मुंबईहून येऊन पनवेलात पाचवे घर घेणारा, दोघांनाही कागद एकच दर लावतो. यात निःपक्षपात आहे, हे खरे. पण याला न्याय म्हणावे काय? आजोबांच्या काळी पनवेल हे कुलाबा जिल्ह्यातले बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले गाव होते. तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नसेल. आता तो पडायला हवा. दिवाळीच्या रात्री नव्या इमारतींकडे पाहावे, तर काही खिडक्यांत आकाशकंदील असतात आणि काही मजले अंधारात असतात.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ जुन्या घरी गेलो आणि उंबऱ्यावर पणती लावली. घराला मालक किती, हे कागद सांगतो. तिथे दिवा कोण लावणार, हे घरच्या माणसांनीच ठरवायचे असते.