एका बळीची किंमत : बाळू पालवणकर आणि कर्णधारपदाचा वाद

आयपीएलचा हंगाम सुरू झाला की उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावातही माणसे हिशेबनीस होतात. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर, महाविद्यालयाच्या फाटकाशी, बसस्थानकात एकच विषय असतो. कर्नाटकची सीमा जवळ आणि हैदराबाद थेट रस्त्यावर, त्यामुळे एकाच बाकावर मुंबईचा, बेंगळुरूचा आणि हैदराबादचा असे तिन्ही पक्ष बसलेले दिसतात. अमक्याला बाहेर बसवा, तमक्याला तिसऱ्या क्रमांकावर पाठवा, पुढच्या लिलावात याला सोडून त्याला घ्या, असा वाद सामना संपल्यावरही बराच वेळ चालतो. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी रुपयांना घेतले, तेव्हापासून तर प्रत्येक धावेला भागाकार लावण्याची सवय आमच्या विद्यार्थ्यांना लागली आहे.

या चर्चेत वारंवार येणारा शब्द आहे 'किंमत'. मराठी शिकवणाऱ्याचे कान तिथे थबकतात. किंमत ही बाजारात ठरते. मोल कधी बाजाराबाहेरही असते. आणि मान हा तर दुसऱ्याने द्यावाच लागतो. खेळाडूच्या बाबतीत आपण हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि आकडे चांगले असले की बाकीचे आपोआप येते असे गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे तपासायचे असेल तर शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या एका वादाकडे पाहावे लागते. संघनिवडीचा हा वाद वरकरणी आपल्या टपरीवरच्या वादासारखाच होता. त्याच्या केंद्रस्थानी होते बाळू पालवणकर आणि त्यांचे बंधू.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, तेव्हा अस्पृश्य गणल्या गेलेल्या चर्मकार समाजातल्या कुटुंबात झाला. आडनावातले पालवण गाव कोकणातले आणि त्यांची जडणघडण पुण्याच्या लष्करी परिसरातली. तेथे एका पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे, रूळ फिरवणे, सभासदांना अधूनमधून गोलंदाजी टाकणे, हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर ते गेले. तिथे जे. जी. ग्रेग हा नावाजलेला इंग्रज फलंदाज सरावासाठी तासन्‌तास त्यांची गोलंदाजी खेळत असे आणि स्वतःला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देत असे, असे सांगितले जाते. मात्र त्या जाळ्यात बाळूंच्या हाती कधी बॅट दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, गोलंदाजी नोकराने, अशी ती वाटणी होती.

हे आठ आणे म्हणजे आपल्याकडील खेळाडूच्या मूल्यमापनाचा एक प्रारंभिक दाखलाच म्हणावा लागेल. एका बळीचा दर ठरलेला आहे, देणारा खूश आहे, घेणाऱ्याचे कौशल्य दिवसेंदिवस वाढते आहे. या व्यवहारात खोट काहीच नाही. फक्त हा दर बळीचा आहे, बळी घेणाऱ्याचा नाही. पुढची तीस वर्षे हा भेद काही मिटला नाही.

पहिला वाद उद्भवला तो पुण्याच्या हिंदू संघात. युरोपियनांना हरवायचे तर त्यांच्याच जाळ्यात तयार झालेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज हवा, हे उघड होते. तेलुगू सभासद अनुकूल होते. मराठी ब्राह्मण सभासदांना मात्र त्यांच्यासोबत खेळणे जड जात होते. अखेर गरज जिंकली आणि बाळू संघात आले. परंतु ते आले कसे, हे पाहण्यासारखे आहे. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत होते. चहाची वेळ झाली की बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. सीमारेषेच्या आत चेंडूला विटाळ नव्हता, रेषेबाहेर पेल्याला होता. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाता-पिता का येऊ नये, हा प्रश्न न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याच्या खेळाडूंपुढे ठेवला, तो याच काळात.

थोडक्यात, या वादात तीन वेगवेगळे प्रश्न होते. याला संघात घ्यावे का? याला पंगतीत बसवावे का? आणि याच्या मागे चालावे का? पहिल्याचे उत्तर आकडे देऊ शकत होते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी सुधारकांना बोलावे लागले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला सर्वाधिक वेळ लागला.

१८९० च्या दशकातल्या प्लेगच्या धामधुमीत बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ, असा त्यांचा क्रम सुरू झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. १९०७ पासून युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांत हिंदू सामील होऊन ते तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. या स्पर्धेमुळे मुंबईत वर्तमानपत्रे वाचून संघावर वाद घालणारा प्रेक्षक तयार झाला. क्रिकेटचे संघ धर्मावर उभे असल्यामुळे 'आपला अकरावा कोण' हा प्रश्न खेळापुरता राहणे शक्यच नव्हते. आपण कोण, असाच तो प्रश्न होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. आजच्या भाषेत बोलायचे तर त्या संघाची निम्मी किंमत या एका माणसात होती. बंधू शिवराम याच दौऱ्यात होते. विठ्ठल आणि गणपत हे धाकटे बंधूही हिंदू संघातून खेळले. एका घरातले चार भाऊ संघात, त्यांत पहिल्या प्रतीचा गोलंदाज आणि विठ्ठलसारखा उत्तम फलंदाज, असे असूनही कर्णधारपद मात्र घराबाहेरच राहिले. हिंदू संघाचे कर्णधार एम. डी. पै यांनी १९१३ मध्ये एका सत्कारात जाहीरपणे सांगितले की हा मान ज्येष्ठतेने आणि अनुभवाने बाळूंना मिळायला हवा होता. ज्याच्या हाती मान आहे तोच हे म्हणतो आहे, तेव्हा त्याचे वजन वेगळे मानले पाहिजे. तरीही निवड समितीचा कौल बदलला नाही.

१९२० मध्ये वाद टोकाला गेला. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी नवा कर्णधार हवा होता. समितीने पुण्याच्या दि. ब. देवधरांना नेमले आणि बाळूंना संघातूनच वगळले. इथे आजच्या वाचकाने थोडे थांबून दोन्ही बाजू पाहाव्यात. बाळूंचे वय तेव्हा चव्वेचाळीसच्या आसपास होते. या वयाच्या गोलंदाजाला वगळावे, असे कोणी म्हटले तर तो शुद्ध क्रिकेटचा मुद्दा ठरतो. देवधरही लहानसहान खेळाडू नव्हते. पुढील काळात त्यांनी मोठे नाव कमावले. म्हणजे प्रत्येक निर्णयाला एक सभ्य कारण उपलब्ध होते. अन्यायाची अडचण हीच असते. तो बहुधा उघड्या तोंडाने येत नाही, तर एखादा रास्त मुद्दा पांघरून येतो.

पण विठ्ठल यांच्या बाबतीत ते पांघरूणही उरत नव्हते. ते देवधरांहून ज्येष्ठ होते, फॉर्मात होते, वयाचा प्रश्न नव्हता. बाळूंना नाकारण्यासाठी जे कारण पुढे केले जाऊ शकत होते, ते विठ्ठल यांना नाकारताना गळून पडले आणि मग मागे एकच कारण शिल्लक राहिले. विठ्ठल आणि शिवराम यांनी ते कारण ओळखले, ते जाहीरपणे मांडले आणि संघातून अंग काढून घेतले. कर्णधार गुणांवर आणि ज्येष्ठतेवर ठरावा, जातीवर नव्हे, ही त्यांची भूमिका होती. ज्यांना अजून कारकीर्द घडवायची होती, अशा खेळाडूंनी त्या वर्षाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेवर पाणी सोडले होते.

यानंतर जे घडले त्यात सामान्य क्रिकेटरसिकांचाही वाटा आहे. 'बॉम्बे क्रॉनिकल'सारख्या वृत्तपत्रांत पत्रे आली. हिंदू संघाचे पाठीराखेच समितीला जाब विचारू लागले. असहकाराचे वारे देशात वाहत होते आणि अस्पृश्यतानिवारणाची भाषा व्यासपीठावरून बोलली जात होती. व्यासपीठावर एक आणि मैदानावर दुसरे, हे वाचकांना दिसत होते. अखेरच्या सामन्यासाठी पै परतले, भाऊ संघात आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या काळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. तडजोड म्हणावी अशीच ती गोष्ट होती. मान मिळाला, पण चोरवाटेने.

राजमार्गाने तो मिळाला १९२३ मध्ये, विठ्ठल यांना. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी त्या वर्षी चौरंगी स्पर्धा जिंकली आणि पुढे १९२५ व १९२६ मध्येही. १९२३ च्या विजयानंतर संघातल्या उच्चवर्णीयांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. ज्या घराण्यातल्या माणसाला पेला वेगळा दिला जात होता, त्याच घराण्यातला धाकटा भाऊ आता खांद्यावर होता. बाळू पुण्याच्या संघात आल्यापासून या क्षणापर्यंत पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता.

हा अवधी फक्त आपलाच नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या प्रमुख स्पर्धेचे दार कृष्णवर्णीयांसाठी साठ वर्षांच्या बंदीनंतर १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने उघडले. परंतु एखाद्या संघाची सूत्रे कृष्णवर्णीय व्यवस्थापकाच्या हाती यायला १९७५ साल उजाडावे लागले. तो मान क्लीव्हलँडच्या फ्रँक रॉबिन्सनला मिळाला. मधली वर्षे अठ्ठावीस. याच बेसबॉलमध्ये पुढे खेळाडूंचे मूल्य आकडेशास्त्राने मोजण्याची पद्धत रूढ झाली. मायकेल लुईसच्या 'मनीबॉल' (२००३) या पुस्तकाने ती जगभर पोचवली आणि आयपीएलचे संघमालकही आज तिच्याच आधारे बोली लावतात. आकडे पूर्वग्रहाला हरवतात, असा तिचा दावा असतो. तो पूर्ण खोटा नाही. बाळूंना मैदानात आणले ते आकड्यांनीच. पण धावा आणि बळी मोजता येतात, विश्वास मोजता येत नाही. कोणाचा शब्द ऐकायचा, हे ठरवताना समाज आकडेवारीचा तक्ता उघडत नाही, स्वतःच्या सवयी उघडतो.

बाळूंच्या उत्तरायुष्यातही संघनिवडीने त्यांचा पाठलाग सोडला नाही. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते होते आणि करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाळूंना ११,२२५ मते मिळाली, आंबेडकरांना १३,२४५. काँग्रेसला आपल्या संघात त्यांचे नाव हवे होते. त्यांची स्वतःची मतेही होती, ती नाकारण्याचे कारण नाही. तरी, दुसऱ्यांच्या लढाईत आपली किंमत किती, हा प्रश्न जन्मभर त्यांच्यासमोर उभा राहिला, असे मात्र म्हणता येते. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता थोडे आपल्या घरातले. विठ्ठल पालवणकर यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आणि ते १९४८ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. दया पवारांचे 'बलुतं' आले १९७८ मध्ये. दलित आत्मकथनाचा इतिहास शिकवताना आम्ही बहुधा 'बलुतं'पासून सुरुवात करतो. तीस वर्षे आधी आलेले हे पुस्तक आमच्या यादीत सहसा नसते, कारण ते 'क्रीडा' या कप्प्यात पडले. रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' (२००२) या इंग्रजी ग्रंथाने पालवणकर बंधूंना पुन्हा वाचकांसमोर आणले, तेव्हा त्यांच्या आधारसाधनांत हे मराठी पुस्तक आहे हे पाहून मराठीच्या अध्यापकाला आनंदापेक्षा संकोच वाटतो. खेळाविषयीचे म्हणून ते साहित्य नाही, असे आम्ही ठरवले असेल, तर आम्हीही एक निवड समितीच झालो. आमच्याकडेही प्रत्येक वगळणुकीला सभ्य कारण असतेच : विधेचे, शैलीचे, अभ्यासक्रमाच्या मर्यादेचे.

म्हणून टपरीवरचा वाद हलका मानू नये, असे वाटते. कोणाला घ्यावे, कोणाला बसवावे, कोणाला पुढे करावे, हे विचारणारा प्रेक्षक १९२० मध्येही होता आणि त्याच्या पत्रांनी समितीला थोडे का होईना हलवले. विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावे की कोणी एखाद्याला वगळण्याचे रास्त कारण सांगितले, तर तेच कारण त्याच्या शेजारच्या माणसालाही लावून पाहावे. पालवणकर बंधूंनी आपल्या समितीची परीक्षा अशीच घेतली होती.