कुंडलिकेवरचे दोन पहारेकरी

टेकडीवरच्या किल्ल्यातून लिस्बनसारख्या जुन्या युरोपीय शहराचे दर्शन घेण्यासाठी पर्यटक दूरचा प्रवास करतात. रोह्याजवळून वाहणाऱ्या कुंडलिका नदीच्या मुखाशी मात्र पोर्तुगीजांचेच एक तटबंद नगर उभे आहे. ते म्हणजे रेवदंडा, अर्थात पोर्तुगीजांचे चौल. १५१६ साली त्यांनी येथे वखार घातली आणि काही वर्षांतच किल्ला बांधण्यास प्रारंभ केला.

या नगराचे सर्वांत सुंदर दृश्य खाडीपलीकडील कोर्लईच्या डोंगरावरून दिसते. माडांच्या शेंड्यांवर डोके काढणारा 'सातखणी' मनोरा प्रथम नजरेत भरतो. तो फ्रान्सिस्कन मठाचा अवशेष असून वरचे मजले ढासळले आहेत. याच बाजूला साळावचा पोलाद कारखाना दिसतो. जुने व नवे क्षितिज असे समोरासमोर येते.

कोर्लईचे महत्त्व केवळ सौंदर्यात नव्हते. येथे बसवलेल्या तोफांच्या माऱ्यात बंदराचे तोंड येई. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाचा चौलचा वेढा निष्फळ ठरला. पुढे निजामशाहीने कोर्लईवर किल्ला बांधताच पोर्तुगीजांना धोका उमगला व १५९४ साली त्यांनी तो जिंकला. १७४० च्या तहानंतर चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. राज्य गेले, तरी पायथ्याच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजोद्भव बोली टिकून राहिली. मराठीच्या सान्निध्यात ती आजही बोलली जाते. मात्र ती जाणणारे थोडेच आहेत.

नदीच्या वरच्या अंगाचा पहारा रोह्याजवळील अवचितगडाकडे होता. गर्द रानातून वर गेल्यावर द्वादशकोनी तलाव, महादेवाचे मंदिर आणि शके १७१८ चा (इ. स. १७९६) शिलालेख पाहावयास मिळतो. तटावरून कुंडलिकेचे खोरे दिसते, तर निरभ्र दिवशी पूर्वेला सरसगड, सुधागड व तैलबैला ओळखता येतात.

कसे जाल? पनवेलहून पेणमार्गे रोह्यापर्यंत रेल्वे आहे. अवचितगडासाठी मेढा किंवा पिंगळसई गाव गाठावे. कोर्लईला रोह्याहून साळावमार्गे रस्त्याने जाता येते. पावसाळ्यात वाट निसरडी असते. हिवाळ्यातील सकाळ उत्तम. अवचितगडावर वाटाड्या सोबत घ्यावा. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्यापेक्षा दोन दिवस काढावेत.